चार अक्षरं

काचेच्या दारावर दोनच आडनावं:
हार्म्स आणि लोरेन्झेन, विमा-दलाल.
सोनेरी वर्ख, माझ्या वडलांच्या हातचा.
शेवटी चार अक्षरं जोडायची आहेत आता,
अक्षरामागे चाळीस युरो, सोनं वेगळं.

काचेवरचं काम आतून करतात.
मी उलटं लिहितो,
बाहेर हाम्बुर्ग सुलट वाचतं.

विबके हार्म्स शिडी धरून उभ्या. सांगतात,
काल नोटरीनं अख्खा दस्त मोठ्यानं वाचला,
स्वल्पविरामसुद्धा गाळला नाही, कायदाच तसा.
बाराव्या पानाशी लोरेन्झेनांचा नातू पेंगला.
भांडवल पंचवीस हजार.
बुडालं तर कंपनी बुडेल,
घरातली खुर्ची हलणार नाही.

शहात्तरच्या जानेवारीत एल्बे गोदामांत शिरली.
भिजलेल्या कॉफीचा विमा
लोरेन्झेनांच्या खणात पडून होता,
पाठवायचा राहिलेला.
चूक एकाची. पण भागीदारीत
अर्धं-अर्धं असं काही नसतं,
ज्याला गाठाल त्यानं सगळं भरायचं.
कॉफीवाल्यांनी हार्म्सना गाठलं.
हार्म्सनी हात वर केले नाहीत.

"मी सात वर्षांची होते," विबके म्हणतात,
"पियानो खिडकीतून दोरानं उतरवला.
मग आम्ही मासेवाल्याच्या माडीवर.
लोरेन्झेनकाका दर रविवारी यायचे,
कोट न काढता बसायचे,
केक आणायचे, खायचे नाहीत."

मी खडूची रेघ मारतो.
त्या विचारतात, अक्षरं जरा लहान काढाल?
काढीन, म्हणालो,
पण मग ती लपवल्यासारखी दिसतील.

ट्राम नाही, पण मालाची एक गाडी गेली, काच थरथरली.
बराच वेळ त्या वडलांच्या आडनावाकडे बघत राहिल्या,
आतल्या बाजूनं, उलटं.
"त्याच मापाची काढा," म्हणाल्या,
"लोकांना कळू दे, आता इथे
कुणाचा पियानो उतरणार नाही.
आणि हेही कळू दे
की दोर कुठपर्यंत पुरतो."

माझ्या नावामागे एकही अक्षर नाही.
मी, ब्रश, आणि जिन्याखालचं एक कपाट.
हात घसरला तर काच माझी,
काच फुटली तर घर माझं.

श्वास रोखतो.
वर्ख उच्छ्वासानंसुद्धा उडतो.
पहिलं अक्षर टेकवतो.