कव

यादी विजेच्या बिलाच्या पाठीवर सुरू झाली.
तंबू शिजूकडचा, त्याची एक काठी मोडलेली.
बर्फाचा डबा. छोटी शेगडी. काड्यापेट्या दोन,
कारण मागच्या वेळी एकच होती
आणि ती मी समुद्रात भिजवली,
हे विद्याधर अजून सांगतो येणाऱ्याजाणाऱ्याला.

सोहारहून बाराशे किलोमीटर.
आदम, हैमा, थुमरैत.
नकाशावर ही नावं एकमेकांपासून इतकी लांब
की मधल्या पिवळ्या रिकामपणात इरावतीनं
पेन्सिलीनं एक उंट काढून ठेवलाय,
रस्त्याला सोबत म्हणून.
हमूद बजावतो, रात्री गाडी हाकू नका,
उंट दिवे लावून फिरत नाहीत.

मग डोंगर. मग हिन्नाची दरी. मग ती झाडं.

हमूद आमच्या हॉस्पिटलात रुग्णवाहिका चालवतो.
त्यानं फोनवर फोटो दाखवला तेव्हा
माझ्या हातात सलाईनची बाटली होती
आणि मी केवढ्यानं तरी ओरडले,
अगं बाई, गोरखचिंच!
चार नंबरच्या खाटेवरची आजी दचकून जागी झाली.

रेवदंड्याला शाळेमागे एक होती,
जेवून उठलेल्या मामलेदारासारखी.
गुरुजी सांगायचे, ही इथली नव्हे,
गलबतातून आली, अरबांबरोबर.
आम्ही तिचा पांढरा गर मिठाला लावून चोखायचो,
दात आंबेपर्यंत,
आणि ती कुठून आली ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवायचो.
आता मीच इकडे येऊन एकोणीस वर्षं झाली.
परीक्षा कुणी घेत नाही.

सगळ्यात जाड झाडाला, हमूद म्हणतो,
आठ माणसांची कव लागते.
आम्ही तिघं.

इरावती भिंतीला छाती लावून हात पसरते.
विद्याधर पिवळ्या टेपनं मोजतो, एकशे अडतीस.
माझा उजवा खांदा पुरता उघडत नाही हल्ली.
'तुझे दहा सेंटिमीटर आखडलेत,' तो म्हणतो,
'झाडाला सांगू, उधार ठेव.'

मग काय काय न्यायचं ते राहतं बाजूला,
कोण कोण, ते सुरू होतं.
शिजू आणि लिसम्मा, तिची रात्रपाळी बदलली तर.
हमूद. हमूदचा धाकटा,
जो फोनमधून मान वर काढत नाही
पण हात त्याचे चांगले लांब आहेत.
सात.

टेप विद्याधरच्या गळ्यात तशीच लोंबतेय.
ती मास्टरजींची. जूनमध्ये व्हिसा संपला,
दुकानाची पाटी उतरवून चितगावला परतले,
जाताना टेप इरावतीला देऊन गेले.
आठवं नाव तिघांनाही ठाऊक आहे
आणि तिघंही यादीत डोकं खुपसून बसलोय.

शेवटी पोरगीच विचारते,
मास्टरजींची कव केवढी असेल?

कसं सांगणार.
चौतीस वर्षं अख्ख्या सोहारची मापं घेतली त्यांनी,
त्यांचं कुणी घेतलं नाही.

फोन लागतो. तिकडे कोंबड्या, कुणाचं तरी रडणारं बाळ,
'क्या? हाथ? पेड़ के लिए?'
आणि मग त्यांचं ते खोकल्यात संपणारं हसू.
'ठहरो,' म्हणतात. नातवाला हाक मारतात.
आम्ही ऐकत राहतो,
खुर्ची सरकल्याचा आवाज,
बराच वेळ नुसता पंखा.

'इकसठ इंच,' मास्टरजी सांगतात.
'और सुनो, आधा इंच ढीला रखना।
पेड़ है, साँस लेगा।'

इरावती बिलाच्या कडेला, जागा उरली नाही म्हणून उभं लिहिते,
दोरी, साडेएकसष्ट इंच.
त्याच्याखाली मी,
मीठ.