पुलाच्या अलीकडे

आमच्या फियॉर्डवर नोव्हेंबर संपताना
सूर्य डोंगराआड जातो, तो जानेवारीतच उगवतो.
तेवढ्या काळोखात आम्ही तो सिनेमा बघतो.
पावणेचार तासांचा. दर वर्षी. कधी दोनदा.
स्वेरे बोटीवरून येतो, ओले मोजे शेगडीशी टाकतो
आणि विचारतो, "राजा गेला का?"
जणू या खेपेला तो वाचेलही.

पुस्तक त्याआधी आईच्या आवाजात आलं होतं.
आई फेरीबोटीवर तिकिटं फाडायची,
अठरा मिनिटं जायला, अठरा यायला.
उतारू नसले की इंजिनाच्या उबेला बसून
पुढचं प्रकरण वाचून ठेवायची,
रात्री आम्हाला ऐकवताना अडखळायला नको म्हणून.

अकराव्याला तिला पुस्तक लागायचं नाही.
त्यात एक नावाडीण आहे.
काळी नदी, सात वाटसरू, मागावर कुत्रे,
आणि ही बाई वल्ह्यावर हनुवटी टेकून म्हणते:
नाणी नकोत. एकेक शब्द ठेवा ऐलतीरावर.
तो पुन्हा तुमच्या तोंडी यायचा नाही.
सेनापतीने "भीती" ठेवला, मोठा शहाणा.
जादूगाराने फार वेळ घेऊन "मीठ".
आई इथे हसायची: जन्मभर आता आळणी सूप!
सगळ्यांत धाकट्या, पाणी वाहणाऱ्या पोराने
घाईत सुचला तो ठेवला:
"परत".

शाळेच्या व्यायामशाळेत फिरता सिनेमा आला
तेव्हा मी नऊ वर्षांची. आई गणवेशाच्या कोटातच आलेली.
नदी आली. काळीच होती. कुत्रेही होते.
आणि नदीवर एक दगडी पूल.
सातही जण धावत पलीकडे. चार सेकंद.
"हा कधी बांधला?" आई म्हणाली,
भोंग्याच्या वरताण बोलायची सवय असलेल्या आवाजात.
पाद्रीणबाईंनी वळून पाहिलं.

घरी डिस्क आली तेव्हा नियमच झाला:
पुलाच्या अलीकडे चित्र थांबवायचं.
स्वेरे कॉफी टाकतो, आई अकरावं सांगते.
दर हिवाळ्यात ते थोडं वाढतं.
नावाडणीचे गुडघे धरले. मग तिला एक मांजर आलं.
एका वर्षी तिने सेनापतीला
चिखलाचे बूट काढायला लावले.
तोवर पडद्यावर सात जण एक पाय उचलून ताटकळलेले,
कुत्र्यांचे जबडे उघडेच.
मग आई म्हणते, हं, जाऊ दे त्यांना.

आमचा पूल तीन वर्षांपूर्वी झाला.
फीत कापली, बँडने दोन सूर चुकवले,
बोट विकली दक्षिणेला कुठेतरी.
आता दीड मिनिट लागतं, गाडीची काच खाली न करता.
आई त्यावरून एकदाच गेली, दात दाखवायला.
काही बोलली नाही.
फक्त मधोमध आल्यावर तिचा हात खिशात गेला,
तिकिटाचा चिमटा असायचा त्या खिशात.

यंदा चित्र थांबवलं तर आईची मान कललेली.
स्वेरेचा आस्लाक म्हणाला, मी सांगू?
पुस्तक त्याने उघडलेलंही नाही.
त्याने थेट मांजरापासून सुरुवात केली.
मांजरही म्हणे नदी ओलांडलं,
आणि भाडं म्हणून "म्याव" ठेवून गेलं.
आम्ही हसलो, हळूच. मग बटण दाबलं,
कुत्रे सुटले, सात जण पूल ओलांडून गेले.

शेवटी तो धाकटा घरी येतो, सिनेमात.
कुणीतरी दार उघडतं, दिव्याचा उजेड अंगणात सांडतो.
पुस्तकात तो येत नाही.
ज्याच्यापाशी तो शब्दच उरला नाही
तो वाट विचारणार कशी?
मी डोळे पुसले. दर वर्षी पुसते.

"मेल्याने भाडं बुडवलं," अंधारातून आई म्हणाली,
"म्हणून बुडाला नाही."
नावं वर सरकत होती, शिंप्यांची, घोडे सांभाळणाऱ्यांची.
बाहेर सकाळचे अकरा, डांबरासारखे.
स्वेरे मोजे चाचपत होता, सुकलेत का.

"पुलाच्या अलीकडून परत लाव," ती म्हणाली.
"मांजराने काही ठेवलं नव्हतं.
ते बोटीवरचंच होतं."