पाळी

सतरा वर्षं रुवीत काढली
आणि निझवा पाहिलं परवा,
छातीवर चौदा नंबरचा स्टिकर लावून,
सुलभाच्या व्हिसाचे अकरा दिवस उरलेले असताना.

आमचा गाईड खल्फान. हिंदी दुकानदारांकडून शिकलेली.
किल्ल्यात त्यानं दारावरची भोकं दाखवली:
इथून खजुराचा उकळता पाक ओतायचे, शत्रूवर.
"अगं बाई, एवढी काकवी वाया!"
मी हिंदीत सांगितलं. तो इतका हसला
की तेरा नंबरची जर्मन बाई दचकली.

दुपारी फलज. म्हणजे आपला पाटच,
डोंगराच्या पोटातून निघून
खजुरांच्या मुळाशी वाटला जाणारा.
जमिनीत एक काठी रोवलेली.
तिची सावली सरकली की पाणी दुसऱ्याचं.
"पाळी," सुलभा म्हणाली.
"हां, बारी," खल्फान म्हणाला. मी मध्ये लागलोच नाही.

चपला काढून ती काठावर बसली,
घोटे पाण्यात.
"आत्ता कुणाची पाळी, विचारा ना."
त्यानं सावलीकडे पाहिलं.
"एका म्हातारीची. पण ती
पाय बुडवल्याचं मोजत नाही."

वर रस्त्यावर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
मी बुटांच्या नाड्या सोडल्या.