रिकामा डबा

आत्याच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी
अंगडी आले, काटा घेऊन.
वडगावच्या त्या दोन खोल्यांत
चपला काढायलाही जागा नव्हती.

"रडायचं ते नंतर रडा,
आधी वजन करूया की."

हंडा, चार किलो सहाशे.
घंगाळ, एक कान तुटलेला, त्याचे शंभर कमी.
शिवणयंत्र, पायडल चालतंय, पट्टा नाही.
लोखंडी कपाट; किल्ली सापडली नाही
म्हणून रिकामं धरलं.
कांड्या भरायचा रहाट बघून
अंगडींनी मान हलवली:
याला सरपणाचा भाव.
चाळीस वर्षं तिनं त्याच्यावर
दुसऱ्यांच्या साड्यांचं सूत गुंडाळलं.
इचलकरंजीचे काका म्हणाले, लावा.

मी वहीत लिहीत होतो.
अंगडी मूरु, नालकु असं पुटपुटत मोजायचे,
मोठ्यानं मराठीत सांगायचे,
आणि दरवेळी मधे कुठेतरी
पाच-दहा रुपये सांडायचे.

भांड्यांवर नावं होती,
टिंबंटिंबं ठोकून घातलेली.
तानू मा. होनगेकर, १९७४.
तानू मा. होनगेकर.
तानू.

एका डब्यावरचं मात्र कुणाला लागेना.
टिंबं तशीच, वळणं गोल.
अंगडी चष्मा शोधेपर्यंत
माझ्या सहावीतल्या पोरीनं बोट फिरवलं,
शाळेत शिकते ती कन्नड:
ना. ग. व्वा.

समोरचं दार.

"आपल्या घरात आहे म्हणजे आपलाच,"
काका म्हणाले. "एक किलो नऊशे आहे.
पितळेचा भाव ठाऊक आहे काय?"

नागव्वा आली. डबा बघितला
आणि काही न बोलता परत गेली.
दुसरा घेऊन आली. झाकणावर: तानू.

"माझ्या शिवूचं जावळ काढलं तवा
तुमच्या आत्यानं चकली दिली ह्यातनं.
रिकामा कसा द्यायचा?
मी माझ्या डब्यातनं शेंगाची उंडी दिली.
मग तीबी रिकामा कसा देणार."

शिवू पुढच्या वर्षी रिटायर होतोय.

अंगडींनी दोन्ही डबे काट्यावर ठेवले.
पन्नास ग्रॅमचा फरक. आमचा हलका.

"मग बदलून टाका, मिटलं," काका म्हणाले.

नागव्वानं हात पुढं केला नाही.
"रिकामा?"

आम्ही घरभर बघितलं.
जे होतं ते सगळं मोजून झालेलं.
साखर, चारशे ग्रॅम, क्रमांक एकतीस.

काकांनीच पुडा फोडला.
मी एकतीसवर रेघ मारली.