ओढायचं

फॉर्मवर एकच रकाना : धूम्रपान. हो / नाही.
मी 'नाही'वर खूण केली.
आई म्हणाली, खरंच की, एक झुरका घेतला नाही कधी.

मग भूल देणारे मुतनाळ डॉक्टर स्टूल ओढून बसले.
वय? आधारवर अडुसष्ट, खरं देव जाणे.
साखर? आहे.
वजन किती उतरलं? चोळीच्या बाह्या दोनदा आत घेतल्या.
दमा? नाही, नुसती धाप, जिन्याला.
काम?

निपाणी. पंधरा वर्षं वखारीत तंबाखू चाळली,
नाकाला पदर, पदराला भोकं.
पुढं घरी विड्या, हजारावर मजुरी,
आणि पहाटे तव्यावर भाजायची मिश्री, तिचा धूर.
पेन थांबलं. याला रकाना नव्हता.
त्यांनी समासात कन्नडमध्ये काही लिहिलं.
मी मराठी शाळेची, अडखळत जुळवलं : होगेसोप्पु.
तंबाखू. शब्दशः, धुराची भाजी.

"अन्ननलिका काढायची तर छाती उघडायची.
सहा-सात तास. उजवं फुप्फुस तेवढा वेळ मिटून ठेवणार.
टाके भरतील हो. मला भीती त्यानंतरच्या आठवड्याची."

तिला एक प्लास्टिकचं खेळणं दिलं, तीन गोळे, एक नळी.
तिनं फुंकलं. चुलीची सवय.
"फुंकायचं नाही अव्वा, ओढायचं," हिरेमठ सिस्टर म्हणाली.
आई माझ्याकडं बघून हसली :
"जन्मभर दुसऱ्यांनी ओढायच्या वळल्या,
आता माझी पाळी गं."
पहिला गोळा उठला. दुसरा थरथरला.
तिसरा जागचा हलला नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ताप.
एक्स-रेत उजवीकडं, खाली,
वखारीच्या आढ्यावर धूळ बसायची तसं पांढरं.
खोकायला हवं, आणि टाके खोकू देत नाहीत.
छातीशी उशी धरून ती ओठ मिटून बसलेली.

टाके नव्हेत नुसते. मला उशिरा उमगलं :
वखारीत खोकणाऱ्या बाईला मुकादम दारातूनच परत पाठवायचा.
पंधरा वर्षं तिनं खोकला गिळलाय.

रात्री तीनला सिस्टर पाठ थोपटतेय,
"केम्मरी, अव्वा. केम्मरी."
मी कानाशी गेले.
आई, इथं हजेरी कापत नाहीत. खोक.

खोकली.
सिस्टरनं वाटी दिव्याखाली धरली
आणि मला दाखवली, बाळाचा पहिला दात दाखवावा तशी.

सकाळी आईनं स्वतःहून नळी मागितली.
नळीबरोबर मिश्रीही.