ठोका

भुसावळच्या यार्डात एकतीस वर्षं
मी चाकं वाजवून पाहिली.
गाडी थांबली की वाकायचं,
लांब दांड्याची हातोडी. ठण्.
पुढचं चाक. ठण्.
धड चाक ठोका संपल्यावरही थोडा वेळ बोलतं.
तडा गेलेलं नुसतं थप् म्हणतं
आणि गप्प.

वर डब्यात माणसं झोपलेली असायची.
त्यांच्या झोपेखाली कुणी वाकलंय
हे त्यांना ठाऊक नसे,
मलाही त्यांची नावं ठाऊक नसत.

मार्चमध्ये जळगावच्या डॉक्टरने
छातीवर गार मलम लावून यंत्र फिरवलं,
पडद्याकडे पाहिलं,
आणि क्षणभर
त्याचा चेहरा थप् वाजला.
नंतर तो गोडच बोलला सगळं.
पण मी एकतीस वर्षं
त्याच आवाजाचा पगार खाल्लाय.

तेव्हापासून रात्री अडीचला जाग येते.
पंखा गरम हवा ढवळत असतो.
मी दोन बोटांनी बरगडी वाजवून पाहतो.
काही कळत नाही.
हातोडी आणि चाक एकच असलं
की कान कुठे ठेवायचा?

भीती कशी, सांगू?
सिग्नल मिळालेला, गाडी हललेली,
आणि एक चाक बघायचं राहून गेलेलं.
तशी. रोज.

यूसुफ असता तर म्हणाला असता,
"निंबा भो, गाडी काय आपली हाये का?
आपली फक्त हातोडी."
तो कोरोनात गेला.
त्याच्या मातीला आम्हाला जाऊ दिलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी नात म्हणाली,
"बाबा, आजीची घागर आणायची ना?"
डांबर चपलेला चिकटत होतं.
शेवंताबाई कुंभारीण
डोक्यावर ओलं गोणपाट घेऊन बसलेली,
मागे घागरींची उतरंड.
मी एक उचलली, सवयीनं बोटाच्या पेराने ठोकली.
ठण्.
दुसरी. ठण्.
तिसरी थप्.
"ही नको."
"कुठे तडा हाये? दाखवा!" ती भडकली.
दिसत नव्हताच. पाणी ओतलं,
सगळे वाकून बघत राहिलो.
बऱ्याच वेळाने बुडाशी
एक ओला दोरा उमटला, केसाएवढा.

मग मागची बाई म्हणाली, माझी पण पाहा ना भाऊ.
मग तिच्या मागचा.
दीड तास मी उन्हात उभा.
कुणाच्या सासऱ्याची घागर,
कुणाच्या सव्वा वर्षाच्या लेकराची.
एका पोराने भाव विचारला नाही,
एवढंच म्हणाला, "गळायला नको, वडलांची हाये."
ती मी तीनदा वाजवली.

घरी येऊन चपला काढताना लक्षात आलं,
एवढ्या वेळात
हात एकदाही छातीकडे गेला नव्हता.

तडकलेली घागर शेवंताबाईने मला फुकट दिली.
"फेकू नका. मोगऱ्याच्या बुडाशी पुरा,
झिरपत राहीन."

आखाजीला द्वारकेच्या नावाने पाणी भरलं.
वर डांगर, सांजोरी.
कुठल्यातरी आखाजीला
शेजारी आणखी एक घागर लागेल.
तेजलला ठोकून पाहायला शिकवलं.
ती डोळे मिटते, कान लावते, चुकते,
माझ्याकडे बघते, पुन्हा ठोकते.

त्या रात्रीही अडीचला जाग आलीच.
उगाच खोटं कशाला सांगू.
लांब यार्डात कुठलीशी गाडी थांबली.
आता चाकं मशीन तपासतं म्हणतात.
तरी मी कान देऊन पडलो,
या खेपेला वरच्या डब्यातला माणूस होऊन.
खाली कुणी वाकलं असेल.
नसेलही.
परसात मोगऱ्याखाली माती
थोडी थोडी ओली होत असणार.
मी कूस बदलली.