आखाजीनंतरचा बार

पांझरेच्या दोन काठांवर आमची दोन गावं,
मधे एकच बंधारा.
त्याचा दगड कोणी बसवला ते कोणालाच माहीत नाही,
त्याचं पाणी कोणाचं ते मात्र सगळ्यांनाच माहीत.

त्या साली डिसेंबरातच पाट खडखडला.
मार्चात गारा पडल्या, लिंबाएवढ्या,
दादरची कणसं चिखलात निजली.
मग एका रात्री, दोनच्या सुमाराला, पाटाच्या दारावर
माझ्या भावाच्या, भटूच्या, डोक्यात
पावडीचा दांडा बसला. सोळा टाके.
मारणारा हिलाल. आमच्या मावशीचा जावई.

तहसीलदारानं दोन्ही गावांचे पुरुष
एका सतरंजीवर बसवले.
चहा झाला.
सतरंजी झटकली, त्यातून धूळच पडली.

आखाजी आली.
म्हातारे म्हणाले, यंदा बार नको,
खरंच रक्त निघेल.
पण बाया कोणाला विचारून थोड्याच नदीत उतरतात?
वर्षातून हा एक दिवस त्यांचा:
या काठच्यांनी त्या काठच्यांना शिव्या द्यायच्या, गोटे फेकायचे,
आणि दिवस मावळला की घरी जाऊन सांजोऱ्या खायच्या.
गोटा किती जड घ्यावा,
शिवी कुठे थांबवावी,
हे त्या आईच्या आईपासून शिकत आलेल्या.
आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं.

झेलाबाईनं गोटा उचलला, तोलला, खाली ठेवला.
पलीकडे ओरडली,
"ओ हिलालनी माय! दांडा तुनाच घरना व्हता ना?
मंग आज शिव्या मीच देसू, तू गुपचूप ऐक!"
आणि हिलालची आई वाळूत बसून
खरंच ऐकत राहिली. पदर तोंडाशी.
ऊन डोक्यावर आलं तशा शिव्या संपल्या.
संपतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मग झेलाबाईनंच विचारलं,
"डोहमा पानी कितलं से? कोनी मोजं का?"

कोणीच मोजलं नव्हतं.
मारामारी अंदाजावर झाली होती.

गिरजी मालचेच्या पोराची शाळेची फूटपट्टी,
बाभळीच्या काठीला सुतळीनं बांधलेली,
ती डोहात धरली.
दोन हात आणि चार बोटं.

तिथून सुरू झालं.
यंदा फडात ऊस नाही.
एक फड पडीक, दोन्ही गावांचा मिळून.
आणि रात्रीची पाळी दिवसा,
बायांना रात्री भीती वाटते म्हणून, असं वहीत लिहिलं.
भटूनं ते वाचलं,
टाक्यांवरून हात फिरवला,
काही बोलला नाही.

वही माझ्याकडे आली
कारण भाऊ पडला तरी मी मारायला गेलो नव्हतो.
(गेलो नव्हतो कारण घाबरलो होतो. ते वहीत नाही.)

झेलाबाई आता पाटकरीण.
सातबाऱ्यावर तिच्या नावाचं गुंठाभर रान नाही,
पण दार उघडतं तिच्या हातानं.
मागच्या पाटकऱ्याला पाच पायल्या मिळायच्या,
हिला तीन द्यायचं ठरलं.
तिनं दार उघडलंच नाही, दीड दिवस.
मग पाच झाल्या.

सगळं मिटलं असं नाही.
हिलाल अजून मला बघून वाट बदलतो.
कधी मी बदलतो.
आणि गिरजी, जिची माणसं
पिढ्यान्‌पिढ्या पाटातला गाळ काढतात
आणि फडात ज्यांचं वावर नाही,
ती दर बैठकीत शेवटी उभी राहते:
"आमना वाटा कोठे से?"

दोन्ही काठ तेव्हा एकदम गप्प.
एवढं एकमत आमच्यात दुसऱ्या कशावर होत नाही.

मी लिहितो, गिरजीचा वाटा: पुढच्या बैठकीत.
हे तिसऱ्यांदा.
काल लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
झेलाबाईनं कमरेचा विळा काढून
माझ्याकडे सरकवला.
"टोक कर," म्हणाली,
"नी आते तारीख टाक."